सोसायटीच्या खतखड्ड्यात अळ्या झाल्यात, रविवारी सभा आहे. काय सांगू?

शैला_पुणे

मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमची सोसायटी ६२ फ्लॅटची. गेल्या वर्षापासून मी सेक्रेटरी आहे, म्हणजे बाकी कुणी हो म्हणेना म्हणून. मागच्या बाजूला जनरेटरशेजारी ओल्या कचऱ्याचं खत करायला विटांच्या तीन टाक्या आहेत. जाळीची बांधणी, चार फूट बाय तीन फूट, उंचीही तीनच. बिल्डरनं कागदावर दाखवायला बांधल्या असणार, पण आमच्याकडे त्या २०१९ पासून खरोखर चालतात. चालायच्या म्हणू आता. एक भरायची, एक मुरत ठेवायची, एक उपसायची. निघालेलं खत कुंड्यांना पुरून उरायचं, दिवाळीच्या आधी तर लोक नंबर लावायचे.

परवा सकाळी मधल्या टाकीचं झाकण उचललं आणि दोन पावलं मागं सरले. वरचा अख्खा थर हलत होता. पातेल्यात भात रटरटताना हलतो ना, तसा. बोटाच्या पेराएवढ्या चपट्या अळ्या, बहुतेक मळक्या पांढऱ्या, काही तपकिरी काळ्या. जवळ कान नेला तर आवाजसुद्धा येतो, पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा. काही भिंत चढून जनरेटरच्या ओट्यावर आल्या होत्या, आणि बी विंगच्या काकू रोज सकाळी नेमक्या तिथूनच फेऱ्या मारतात. त्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. पुढचं सांगायला नको.

वास सडक्या अंड्याचा. टाकीच्या बुडातून काळं पाणी पाझरून पार्किंगच्या चरात जातंय. मे महिन्यापर्यंत सगळं व्यवस्थित होतं. मग माळीकाकांनी काम सोडलं, तेव्हापासून हाउसकीपिंगची मुलं बादल्या आणून ओततात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा सुका भुगा, ओल्या कचऱ्यात मिसळायचा) संपलंय, ते पावसाळ्यात लागत नाही असं कुणीतरी म्हणालं म्हणून आणलं नाही.

रविवारी सर्वसाधारण सभा आहे. विषय क्रमांक चार, खतखड्डे बंद करून ओला कचरा एका एजन्सीला देणे, फ्लॅटमागे महिना १२० रुपये. ते नेणार कुठे विचारलं, तर अध्यक्ष म्हणाले, "शहराबाहेर."

शहराबाहेर म्हणजे कुठे ते मला चांगलं माहितीय. माझं माहेर एका कचरा डेपोपासून दोन किलोमीटरवर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, पुणेकर ओळखतील. मला बघायला पाहुणे यायचे त्या दिवशी आई आधी वारा कुणीकडून आहे ते बघायची. डेपोकडून असला की खिडक्या बंद, धूप पेटवायचा, आणि पाहुण्यांना ओटीवर बसवायच्या ऐवजी थेट मधल्या घरात न्यायचं. आमच्या विहिरीचं पाणी आम्ही लहानपणी ओंजळीनं प्यायचो. पुढे ते नुसतं धुण्याभांड्याला राहिलं, नंतर धुण्यालाही कुणी घेईना. भाऊ अजून टँकरची वाट बघतो. तर ह्या सोसायटीच्या बादल्या माझ्या सहीनं तिकडे जाव्यात हे मला जमायचं नाही. पण सभेत हे बोलले तर "ताई भावनिक झाल्या" म्हणतील आणि पुढचा विषय घेतील.

म्हणून विचारते. ह्या अळ्या घातक आहेत का, वास कसा जाईल, आणि रविवारी नक्की काय बोलू?

मातीवाला

शैलाताई, वर्णन इतकं नेमकं केलंत की फोटो नको. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या आहेत. घातक नाहीत. ही माशी काळी, लांबट, गांधीलमाशीसारखी दिसते म्हणून लोक घाबरतात, पण ती चावत नाही, डंख मारत नाही आणि घरमाशीसारखी ताटावर येऊन बसत नाही. तिच्या अळ्या मात्र अन्न झपाट्यानं संपवतात. कोंबड्यांना आणि माशांना खायला घालायला लोक त्या मुद्दाम पाळतात. जिथं त्या असतात तिथं घरमाश्या उलट कमी होतात. काळ्या पडलेल्या म्हणजे कोषात जायच्या बेतात आलेल्या, त्याच कोरडी जागा शोधत भिंत चढतात. टाकीच्या कडेला आतून बोटभर सुका भुसा पसरून ठेवा, बऱ्याचशा तिथंच थांबतील. फिनेल ओतू नका. कुणीतरी ओतायला निघालं असेलच.

अळ्या हा त्रास नाही, ती बातमी आहे. आत खूप ओलं आहे आणि शिजलेलं अन्न जास्त आहे, एवढंच त्या सांगतायत. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही. (नाक झोंबणारा, मुतारीसारखा वास आला असता तर गोष्ट वेगळी, तेव्हा हवा असते पण सुकं कमी पडलेलं असतं. तुमच्याकडे बहुतेक दोन्ही आहे.)

मूठभर माल घेऊन दाबून बघा, हातमोजे घालून अर्थात. धार लागली तर फार ओलं. दोनचार थेंब आले तर बरोबर. काहीच न येता भुगा सुटला तर पाणी शिंपडा. तुमची धार लागणार हे मी इथूनच सांगतो. पाऊस आणि कोकोपीट यांचा संबंध कुणी लावला कुणास ठाऊक, पावसाळ्यातच सुकं जास्त लागतं. बादलीभर ओल्या कचऱ्याला जवळजवळ बादलीभर पालापाचोळा, भुसा असेल तर निम्मा पुरतो. मधली टाकी पूर्ण उपसा, ताडपत्रीवर पसरा, सुकं मिसळा, पुन्हा भरा. बुडाला नारळाच्या शेंड्या किंवा काटक्यांचा वीतभर थर द्या म्हणजे पाणी निचरेल आणि खालून हवा येईल. वर पत्रा तिरका हवा. आठवड्यातून दोनदा वरखाली केलं की तीनचार दिवसांत आत हात घालवणार नाही इतकं तापतं. तापलं की समजा जिंकलात.

भुसा सुताराकडून आणाल तर साध्या लाकडाचा आणा, प्लायवूडचा नको. त्यात गोंद असतो.

खवचट_आजोबा

मी ३१ वर्षं एका सोसायटीत काढली, त्यातली ९ कमिटीवर. माझा सल्ला: १२० रुपये द्या आणि सुखानं झोपा. ६२ घरांच्या मेथीच्या काड्या टाकीत कुजवून हिमालयातलं बर्फ वितळायचं थांबणार आहे का? तिकडे कोळशावरची वीजकेंद्रं धडधडतायत, आणि इकडे आपण सभेत अळ्या मोजतोय.

निम्मा_अभियंता

आजोबा, कोळशाचं म्हणता ते खरं आहे. मेथीच्या काड्यांनी बर्फ थांबत नाही. पण ओल्या कचऱ्याला तापमानवाढीच्या गणितातून वगळता येत नाही, कारण तीच काडी कुठे कुजते यावर हिशेब बदलतो. टाकीत हवा लागून कुजली तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो, तो काडीनं वाढताना हवेतूनच घेतलेला. डेपोत तीच काडी वीसपंचवीस फूट ढिगाखाली जाते, हवा लागत नाही, आणि मिथेन वायू तयार होतो. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट, आणि वीस वर्षांचा हिशेब धरला तर ८० पटींच्या आसपास उष्णता धरतो. शिवाय तो १०-१२ वर्षांत हवेतून बराचसा नाहीसा होतो. म्हणजे आज कमी केला तर फरक आपल्या डोळ्यांदेखत पडू शकतो, कोळशाचं तसं नाही.

आणि तो पेटतो. देवनार आठवतं का? मुंबईचा १९२७ पासूनचा डेपो. जानेवारी २०१६ मध्ये तिथं आग लागली तेव्हा धूर नासाच्या उपग्रहांच्या चित्रांत दिसत होता, शाळांना सुट्टी द्यावी लागली. मी तेव्हा चेंबूरला राहायचो. वाळत घातलेले कपडे काढायचे आणि पुन्हा धुवायचे, असे चार दिवस. अशी आग वरून पाणी मारून विझत नाही, पोटात मिथेन असतो, एक तोंड बुजवलं की दुसरीकडून धूर. त्या ढिगातून ओलं वजा केलं असतं तर जळायला आणि कुजायला उरतं किती?

शैलाताई, सभेत मात्र मिथेन काढू नका. लोकांना झोप येते. मलासुद्धा घरी बोलू देत नाहीत.

ठाणेकर_वहिनी

आमच्याकडे पुढची पायरी झाली, म्हणून सांगते. कमिटीला खड्डे नको झाले तेव्हा एक माणूस चकाचक मशीन घेऊन आला. सकाळी कचरा टाका, उद्या खत. खरंच दुसऱ्या दिवशी तपकिरी, कॉफीसारखी भुकटी निघायची, छान वास. सगळे खूश. मी ती मोगऱ्याला घातली, पाणी घातलं, चौथ्या दिवशी कुंडीवर पांढरी बुरशी आणि तोच मूळचा वास. ते खत नव्हतंच, कचरा भाजून वाळवलेला होता. पाणी लागलं की कुजणं जिथं थांबलं तिथून पुढे चालू. वर विजेचं बिल वेगळं. आता ते मशीन क्लब हाउसमध्ये आहे, त्यावर कॅरमचा बोर्ड ठेवतात.

पण मला दुसरंच विचारायचंय. तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य तुम्ही पटकन लिहून पुढे गेलात. "मग माळीकाकांनी काम सोडलं." मे पर्यंत व्यवस्थित आणि मे नंतर अळ्या. तुमचा खड्डा बिघडलाय की माणूस गेलाय? का गेले ते?

शैला_पुणे

वहिनी, नेमकं दुखतं तिथं बोट ठेवलंत. दोन तास उत्तर लिहून खोडत होते.

माळीकाका बागेसाठी होते. रोज दोन तास, त्याचा पगार. टाक्यांचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. गावाकडे उकिरडा बघितलेला माणूस, त्यांना बघवायचं नाही. रोज अर्धा पाऊण तास ते खोरं घेऊन तिथं. प्लॅस्टिकच्या पिशव्या वेगळ्या काढ, हाडं वेगळी काढ, एकदा तर कुणाचं तरी पैंजण सापडलं ते आणून दिलं. आम्ही सगळे "काका म्हणजे काका" म्हणायचो. दिवाळीला मिठाईचा बॉक्स द्यायचो.

एप्रिलमध्ये त्यांनी टाक्यांचे महिना १,५०० रुपये वेगळे मागितले. कमिटीनं नाही म्हटलं. बजेटमध्ये तरतूद नाही, असं पत्र मीच टाइप केलं. महिन्याभरानं ते गेले. हे मला त्या वेळी खटकलंही नव्हतं. परवा अळ्या बघतानाही डोक्यात माहेर होतं, काका नव्हते. आज वहिनींचं वाचून ते पत्र शोधून काढलं.

खवचट_आजोबा

आता गणित करा. १२० गुणिले ६२, म्हणजे महिन्याला ७,४४० रुपये. १,५०० ला नाही म्हणून ७,४४० ला हो म्हणायला निघालेली कमिटी मी माझ्या ९ वर्षांत पाहिली नाही. आमच्यावेळी निदान चहाच्या बिलावर तरी भांडायचे. रविवारी मिथेन नको, माहेर नको, अळ्या नको, फक्त हे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि खाली बसा.

झोपायचा सल्ला मागे घेतो.

वकील_नाही_पण

आकड्यांच्या खाली ही एक ओळ जोडा. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा असं लिहिलं होतं; आता काय लागू आहे ते बघून घ्या. तुमचा प्लॉट किती आहे ते सातबारावर, नाहीतर कन्व्हेयन्सच्या (जमीन सोसायटीच्या नावावर केल्याच्या) कागदांत बघा. शिवाय पुण्यात मिळकतकरात सवलत मिळते, गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यातलं एक असेल तर पाच टक्के, दोन किंवा जास्त असतील तर दहा. पण प्रकल्प चालू हवा. तुमचे सभासद ती सवलत घेत असतील आणि टाक्या बंद केल्या, तर ६२ बिलांवर फरक पडेल. हे वाक्य सभेत हळू आवाजात म्हणा, परिणाम जास्त होतो.

मातीवाला

आणि पाचोळ्याची सोय आत्ता बोलून ठेवा. तुमच्याकडे झाडं कुठली? पुण्यात पानगळ फेब्रुवारी-मार्चला, ओलं जास्त होतं जुलैला, मधल्या चार महिन्यांत वॉचमन ढीग करून पेटवून देतो. सगळ्या सोसायट्यांची हीच कथा. जुलैत कोकोपीट विकत आणायचं आणि मार्चमध्ये फुकटचं जाळायचं. तांदळाची रिकामी पोती भरून जिन्याखाली ठेवा. बदामाची पानं असतील तर चुरून भरा, अख्खी टाकली तर पत्रावळीसारखी थरावर थर बसतात, हवा कोंडते.

शैला_पुणे

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

सभा झाली. आजोबांचे दोन आकडे लिहिले. मिनिटभर कुणी बोललं नाही, मग सगळे एकदम बोलले. मिळकतकराचं वाक्य हळू आवाजातच म्हटलं, मागच्या रांगेतून "काय म्हणाल्या, काय म्हणाल्या" सुरू झालं. मतं १९ विरुद्ध १४. खड्डे तीन महिने चालू ठेवायचे, पुन्हा वास आला तर विषय परत घ्यायचा. म्हणजे डोक्यावर टांगलेलंच आहे, पण आहे. माहेरचं मी बोलले नाही. बी विंगच्या काकूच जाताना म्हणाल्या, "तुझं गाव तिकडचंच ना गं?" मी हो म्हटलं. त्यांनी फोटो डिलीट केला का ते बघितलं नाही.

माळीकाकांना फोन केला. चुकलं म्हणाले मी. ते आता एका पेट्रोल पंपावर आहेत, महिन्याला आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त मिळतं, परत येणार नाहीत आणि का यावं. पण अर्धा तास बोलत बसले. "ताई, बदामाची पानं पोत्यात भरून ठेवा म्हणलो होतो, ती वॉचमननं जाळली. मी सांगून थकलो." मातीवालांचं आणि काकांचं वाक्य जवळजवळ तेच, हे वाचताना हसू आलं.

आता झाडलोट करणाऱ्या बाई आहेत, त्यांना टाक्यांचे वेगळे २,००० ठरले, गमबूट आणि हातमोजे सोसायटीचे. पहिल्या दिवशी मधली टाकी उपसली तेव्हा मीही खोरं घेतलं, दोनदा उलटीसारखं झालं. बुडाला काय काय होतं म्हणून सांगू. शाम्पूच्या पुड्या, आंब्याच्या कोयी, देवाच्या फुलांच्या हाराचा दोरा, कोपऱ्यावरच्या दुकानाची चटणीची पिशवी गाठ न सोडता जशीच्या तशी. सहा पोती भुसा आणला, साग आणि बाभळीचा, विचारून घेतला. कचऱ्याचं वजनही करून बघितलं, दिवसाला सरासरी ४८ किलो निघतं सगळ्यांचं मिळून. रविवारचं ६०.

अळ्या अजून आहेत, कमी आहेत. मुलं आता बघायला येतात. बी विंगचा एक सहावीतला मुलगा दोन काळ्या अळ्या डबीत घालून घरी घेऊन गेला, त्याच्या आईचा मला फोन आला, तो वेगळा विषय.

आज सकाळी झाकण उघडलं तर वाफ आली आणि चष्म्यावर धुकं. वास पहिल्या पावसानंतरच्या जंगलासारखा नाही हां, लोक लिहितात तसा. भिजलेल्या पोत्यासारखा. पण अंड्याचा नाही.

एक काम मंडळींनी सांगितलं नव्हतं ते निघालं. उपसताना स्टीलचे तीन चमचे सापडले. एकावर नाव कोरलेलं, बी विंगच्या काकूंच्या सासूबाईंचं, बहुतेक बारशाच्या आहेरातलं. धुऊन, उकळून, पुन्हा धुऊन नेऊन दिला. काकूंनी तो उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाल्या, "इतके दिवस मोलकरणीवर संशय घेतला मी."

उरलेले दोन माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहेत. नाव नाही, एकाच्या दांड्यावर वेलबुट्टी आहे. उद्या नोटीस बोर्डावर लावते.